कानाखालच्या गाठीतून नुसता द्रव निघाला असेल, तर त्या अहवालावर विसंबू नका

आपल्या आईंच्या कानाखालच्या गाठीची एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून काचेच्या स्लाइडवर तपासणे) झाली, द्रव निघाला, गाठ बसली आणि अहवालात ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’ असे आले, तेव्हा आता शस्त्रक्रिया टाळावी का, असे आपण विचारले आहे. ते वाचून राहवले नाही, कारण पाच वर्षांपूर्वी माझ्या ताईच्या बाबतीत जवळजवळ हेच घडले होते. मी डॉक्टर नाही. जे सोसले आणि नंतर तज्ज्ञांकडून जे समजून घेतले तेवढेच लिहितो. निर्णय आपल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा.

ताईच्या पॅरोटिड ग्रंथीतील, म्हणजे कानासमोरच्या-कानाखालच्या लाळग्रंथीतील, गाठीतून चिकट, तार धरणारा द्रव निघाला होता. अहवालात ‘सौम्य द्रवगाठ, कर्करोगाच्या पेशी नाहीत’ असे लिहिले होते. ‘पेशी दिसल्या नाहीत’ याचा अर्थ आम्ही ‘कर्करोग नाही’ असा घेतला, देवापुढे नारळ ठेवला आणि पुढची तपासणी सोडून दिली. माझ्या हातून घडलेली सर्वांत महागात पडलेली चूक ती हीच. त्या स्लाइडवर कर्करोगाच्या पेशी नव्हत्या, तशा ग्रंथीच्या निरोगी पेशीही नव्हत्या. होता तो श्लेष्म, म्हणजे चिकट स्राव, आणि थोड्या भक्षक (साफसफाई करणाऱ्या) पेशी. ज्या नमुन्यात पाहण्याजोग्या पेशीच आलेल्या नाहीत, तो नमुना कसलीच ग्वाही देऊ शकत नाही, हे आम्हांला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

अकरा महिन्यांनी गाठ पुन्हा भरली. या वेळी दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टांनी आधी द्रव काढून घेतला आणि मग सोनोग्राफीवर पाहून उरलेल्या घट्ट भागात पुन्हा सुई घातली. निदान झाले म्युकोएपिडरमॉइड कार्सिनोमाचे, म्हणजे लाळग्रंथीच्या एका कर्करोगाचे, कमी तीव्रतेच्या प्रकाराचे. हा कर्करोग श्लेष्माने भरलेल्या पोकळ्या तयार करतो, त्याच्या पेशी मोजक्या आणि दिसायला साध्या असतात, म्हणूनच तो सुईच्या तपासणीतून निसटतो.

लाळग्रंथींच्या अशा अहवालांसाठी 2018 मध्ये मिलान पद्धत, म्हणजे अहवाल ठरावीक गटांत मांडण्याची पद्धत, प्रसिद्ध झाली आणि 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. श्लेष्म आहे पण पेशी नाहीत, असा नमुना या पद्धतीनुसार सौम्य गटात घालायचा नसतो, तो तिसऱ्या, म्हणजे अनिश्चित गटात जातो. दुसऱ्या आवृत्तीप्रमाणे त्या गटात कर्करोग निघण्याचा धोका सुमारे 30 टक्के, तर सौम्य अर्बुदाच्या (कर्करोग नसलेल्या गाठीच्या) गटात 3 टक्क्यांहून कमी धरला जातो. ताईच्या अहवालात ‘सौम्य’ऐवजी ‘अनिश्चित’ एवढा एक शब्द पडला असता, तर आमचे अकरा महिने वाचले असते.

जुन्या स्लाइड दुसऱ्या मतासाठी मागायला गेलो, तेव्हा त्या प्रयोगशाळेच्या कार्यालयाने ‘अहवाल दिला आहे, स्लाइड देत नाही’ असे सांगून तीन खेपा घालायला लावल्या. चौथ्या खेपेला, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र दाखवल्यावर, त्या मिळाल्या. आजारी माणसाच्या घरच्यांना असे ताटकळत ठेवणे मला आजही अक्षम्य वाटते. आपण पत्र पहिल्याच दिवशी सोबत न्यावे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बाहेरच्या स्लाइड तपासून मत दिले जाते, हेही लक्षात असू द्यावे.

सुईमुळे गाठ पसरते, या भीतीने फेरतपासणी टाळू नये. इतक्या बारीक सुईने तसे घडणे अत्यंत दुर्मीळ आहे. उलट, बाह्यरुग्ण विभागात चिरा देऊन तुकडा काढू या, असे कोणी सुचवले, तर मी स्पष्ट नकार देईन. पॅरोटिडमधून चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस (फेशियल नर्व्ह) जाते, आणि गाठ प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा हे लाळग्रंथीचे सौम्य अर्बुद असेल, तर तिचे कण सांडून ती पुन्हा उद्भवू शकते. आईंचे तोंड एका बाजूला वाकडे होत असेल किंवा डोळा नीट मिटत नसेल, तर अहवाल काहीही म्हणो, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

द्रव पाण्यासारखा होता की चिकट, आणि तो काढल्यानंतर हाताला काही घट्ट लागत होते का, हे कळवल्यास फेरतपासणीच्या वेळी नेमके काय विचारावे ते सविस्तर लिहीन.