‘लगान’मधला आमच्या सीडीत अडकलेला सीन

प्रश्न असा आहे: लहानपणी डोक्यावर घेतलेला एखादा सुपरहिट सिनेमा मोठेपणी पुन्हा पाहिल्यावर कोणत्या बारीकसारीक गोष्टी नव्यानं दिसल्या?

माझ्यासाठी तो सिनेमा ‘लगान’. लगान म्हणजे शेतसारा; तो माफ व्हावा म्हणून इंग्रजांशी क्रिकेट मॅचची पैज लावणाऱ्या एका दुष्काळी गावाची ती गोष्ट. 15 जून 2001 ला आला, म्हणजे ऐन मृगात. पण थेटरात जाऊन पाहायची आमची ऐपतही नव्हती आणि सोयही नव्हती. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या पुढं आमचं गाव. आमच्यापर्यंत तो पोचला 2002 च्या शारदोत्सवात. मंडळानं तालुक्यावरून रंगीत टीव्ही अन् व्हीसीडी प्लेअर भाड्यानं आणला होता. जवळपास पावणेचार तासांचा सिनेमा, त्याच्या तीन सीड्या. बारदाना अंथरून सगळं गाव बसलं. मधात दोनदा लाईन गेली, तरी कोणी उठलं नाही.

दुसऱ्या सीडीत एका जागी चित्राचे चौकोन पडले आणि आवाज तुटायला लागला. व्हिडिओवाल्यानं सीडी काढून बनियनला पुसली, परत घातली, तरी तिथंच अडकायची. शेवटी त्यानं तेवढा भाग पुढं ढकलला. कोणी काही बोललं नाही, सगळ्यांना मॅच पाहायची होती. हे आधीच सांगून ठेवतो, पुढं लागणार आहे.

नंतर टीव्हीवर ‘लगान’ कितीदा लागला याचा हिशेब नाही. पण आम्ही बसायचो ते मॅच सुरू झाल्यावर. म्हणजे खरं पाहता मी अर्धाच सिनेमा पन्नास वेळा पाहिला होता.

गेल्या वर्षी श्रावणात आमच्याकडं चार दिवसांची झड लागली. वावरात पाय ठेवता येत नव्हता, डवरा बंद, फवारणी बंद. बाबा आणि मी घरात. मोबाईल टीव्हीला जोडला आणि पहिल्या फ्रेमपासून ‘लगान’ लावला. टिनावर धो धो पाणी आणि पडद्यावर भेगाळलेली जमीन, असा तो योग.

पहिली गोष्ट दिसली ती लगान दुप्पट होण्याचं कारण. लहानपणी वाटायचं, इंग्रज दुष्ट, म्हणून लगान वाढवला. कारण त्याहून फालतू आहे. कॅप्टन रसेल राजा पूरनसिंहाला मांस खा म्हणतो, राजा शाकाहारी, तो नाही म्हणतो, आणि त्या रागातून सगळ्या गावांवर दुप्पट लगान बसतो. बाबा एवढंच म्हणाले, “एका ताटाचा खर्च अख्ख्या गावावर पडला.” राजा धर्म सांभाळून मोकळा झाला आणि धान्य मोजून द्यायचं शेतकऱ्यानं! राजाचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण त्या सीनमध्ये ज्यांच्यावर लगान पडणार त्यातला एकही माणूस हजर नाही, हे लहानपणी कसं दिसणार.

मग ढगांचं गाणं. लहानपणी आम्ही त्यावर नाचायचो. आता लक्ष गेलं ते गाणं संपल्यावर. आभाळ भरून येतं, सगळं गाव अंगणात येतं आणि ढग तसेच पुढं निघून जातात. आम्ही सिनेमा पाहिला त्याच वर्षी जुलैत देशभर पावसानं दडी मारली होती आणि आमची दुबार पेरणी झाली होती. बियाणं उधारीचं. मंडळाच्या त्या रात्री हे गाणं सुरू असताना बाबा उठून बिडी ओढायला गेले होते, हे मला एकदम आठवलं. त्यांना विचारलं तर म्हणाले, “असन. कोणाले ध्यानात राह्यते.”

सिनेमातल्या शेतीवर मात्र त्यांचा आक्षेप आहे, आणि तो मला कुठल्याही समीक्षेत सापडला नाही. पैजेची मुदत तीन महिन्यांची. शेवटी मॅच जिंकतात आणि धो धो पाऊस येतो. लोक नाचतात. बाबा म्हणाले, “मृगात आभाळ आलं असन त तीन महिन्यांनी पोळा होऊन गेला राजा. आता पाणी येऊन काय करते? पेरणी गेली.” माय सैपाकघरातून ओरडली, “हरभऱ्याले कामात येते न!” यावर दोघांचा दहा मिनिटं वाद चालला, सिनेमा थांबवून. माझं मत विचाराल तर बाबांचा मुद्दा बरोबर आहे. पण त्याच मुद्द्याची दुसरी बाजूही आहे. पाऊस नव्हता म्हणूनच त्या गावाला तीन महिने प्रॅक्टिस करायला फुरसत होती. मृगात नीट पाणी आला असता तर निंदण, डवरण सोडून अकरा माणसं कुठून मिळाली असती?

क्रिकेटच्या बाबतीत मजेशीर गोष्टी सापडल्या. गोष्ट 1893 ची, पण षटक सहा चेंडूंचं. तेव्हा इंग्लंडात पाच चेंडूंचं षटक होतं, सहा चेंडू 1900 पासून आले. आणि त्या काळी सहा धावा मिळायच्या तर चेंडू मैदानाच्याच बाहेर जावा लागायचा. हा नियम 1910 पर्यंत होता. म्हणजे ज्या झेलावर रसेलचा पाय रेषेबाहेर जातो आणि आपण सगळे उड्या मारतो, तो षटकार त्या काळच्या नियमानं झालाच नसता. हे मी बाबांना सांगितलं नाही. काही आनंद राहू द्यावेत.

गोली मात्र मला आता जास्त आवडला. तो गोफणवाला, हात गरगरा फिरवून चेंडू टाकतो. आमच्याकडं जवारीत पाखरं हाकलायला गोफणच असायची, तेव्हा त्यात आम्हाला विशेष काही वाटलं नव्हतं. आज जवारीचा पेरा राहिला नाही, गोफण पोरांना माहीत नाही. दगड सुटायच्या आधीचा तो मनगटाचा झटका मात्र त्या नटानं बरोबर पकडलाय.

भुजजवळच्या कुनरिया गावात हे सगळं चित्रित झालं. कपडे भानू अथैया यांचे, त्या मूळच्या कोल्हापूरच्या. धोतरांचा मळकट रंग पाहा, तो धुळीत बसून आलेला वाटतो.

आता तो अडकलेला सीन.

त्या रात्रीनंतर गावात क्रिकेटची लाट आली. प्रत्येकानं एकेक नाव घेतलं. भुवन, म्हणजे सिनेमातला हीरो, मी झालो, कारण बॅट माझी होती. गोफण चांगली मारणारा गोली झाला. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धपुरा आहे, तिथला माझा एक मित्र आमच्यात खेळायचा. त्याला आम्ही ‘कचरा’ केलं. पुढचा उन्हाळा अख्खा आम्ही त्याला त्याच नावानं हाका मारल्या. कचरा हॅटट्रिक घेतो, हीरोच आहे तो, असं आमचं म्हणणं.

झडीत मी पहिल्यांदा तो भाग सलग पाहिला. चेंडू घरंगळत कचऱ्याकडं जातो, तो अधू हातानं परत फेकतो आणि चेंडू गर्रकन वळतो. भुवन म्हणतो, हा आपल्या संघात. आणि गाव नाही म्हणतं, कारण कचरा अस्पृश्य. वैद्य, मुखिया, सगळे. भुवन शबरीच्या बोरांची आठवण देतो, बरंच बोलतो. वाद कचऱ्याबद्दल चाललाय आणि कचरा मात्र त्यात जवळजवळ बोलतच नाही. आमच्या सीडीत हेच गेलं होतं. आम्हाला दिसला तो थेट मैदानावरचा कचरा. पहिल्या दिवशी नवा चेंडू वळत नाही म्हणून तो मार खातो, जुना झाल्यावर विकेटा काढतो.

एक गोष्ट मात्र सीडीवर ढकलता येत नाही. माझा मित्र स्पिन टाकायचाच नाही. तो फास्ट टाकायचा. गावातला सगळ्यात फास्ट तोच होता. मग त्याला ते नाव कशावरून दिलं आम्ही?

दुसऱ्या दिवशी त्याला फोन लावला. तो आता चाकणला एका कंपनीत आहे.

“लगान पाह्यला काल,” म्हटलं.

“परत?”

“हाव. मधातला तो सीन पाह्यला. गाव नाही म्हणते तो.”

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मागं बसचा हॉर्न ऐकू येत होता.

“तुमची सीडी अटकली होती न तिथं,” तो म्हणाला. “मी त मामाच्या गावी आधीच पाहून आलो होतो.”

मला पुढं काय बोलावं सुचेना. शेवटी त्यानंच विचारलं, “झड उघडली का बे? पऱ्हाटी पिवळी पडली असन.”