बारावीनंतर कोल्हापुरात बीसीए करावं का? आयटीत पुढे नेमकं काय काम मिळतं?

बारावी झालेला आहेस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. तू लिहिलंयस की इंजिनिअरिंगला हवं ते कॉलेज मिळालं नाही, बीसीए, म्हणजे कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन्सची पदवी, मनात आहे, पण घरचे म्हणतात, ‘बीसीए करून ऑपरेटरच होणार, त्यापेक्षा वर्षभर थांब.’ हेच मी २००६ साली आमच्या सोप्यात ऐकलंय. थोरले काका पाहुण्यांदेखत म्हणाले होते, “अरं, ज्यांचा कुठं नंबर लागत न्हाई त्यांच्यासाठी असतंय ते.” मी मान खाली घालून गप्प बसलो होतो.

बीसीए आणि तेव्हाचं तीन वर्षांचं एमसीए करून २०१२ मध्ये शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून पार्ट ओतणाऱ्या कारखान्यात, लागलो. वह्यांमधलं सगळं कॉम्प्युटरवर आणायचं, हे काम. सहा महिन्यांत एका गिऱ्हाइकाकडून माल परत आला. कास्टिंग इतकं कडक की मशिनवर टूल तुटत होतं. सिलिकॉन कमी पडलं की असं होतं, म्हणून आधी हीट नंबर बघतात, म्हणजे भट्टीतून ओतलेला तो घाणा कुठला. सिस्टिममध्ये हीट निघाली ९६, आणि तिचा लॅब रिपोर्ट एकदम बरोबर. मालक म्हणाले गिऱ्हाईक खोटं बोलतंय, क्वालिटीवाले म्हणाले सॉफ्टवेअर खोटं बोलतंय. चार दिवस मी कोड तपासत होतो. कोडमध्ये काही सापडेना.

पाचव्या दिवशी डिस्पॅचची मूळ वही मागवली. पानांना तेलाचे डाग, कोपरे दुमडलेले. दिवसपाळीचा माणूस इंग्रजी आकडे लिहायचा, रातपाळीचे मुकादम मराठी. घाईत काढलेला मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी सात इंग्रजी सहासारखा. मुकादमांनी लिहिलं होतं सतरा, ऑफिसात वाचलं गेलं शहाण्णव. हीट १७ चा रिपोर्ट काढला, सिलिकॉन कमी.

मी फॉरेन की लावलेली होती, म्हणजे टाकलेला नंबर हीटच्या टेबलात आहे का हे सिस्टिम तपासायची. नसलेली हीट टाकली असती तर सिस्टिमने अडवलंच असतं. पण शहाण्णव नंबरची हीट त्या महिन्यात खरंच होती. फक्त तिच्यातून हा पार्ट ओतलाच नव्हता, आणि ‘कुठल्या हीटमधून कुठला पार्ट ओतला’ हे टेबल मी जोडलं नव्हतं. त्या रात्री पाळी संपेपर्यंत भट्टीशेजारी थांबलो, माल कसा कसा पुढे सरकतो ते बघितलं. मुकादमांचा तीस वर्षांचा हात बदलायला लावला नाही. स्क्रीन बदलली. नंबर टाइप करणं बंद, पार्ट निवडला की त्याच पार्टच्या हीट तारखेसह समोर येणार, त्यातली उचलायची. तो घोळ परत झाला नाही.

याला ऑपरेटरचं काम म्हणत नाहीत, काका. माहिती कुठे जन्मते, कुणाच्या हातून जाते, कुठे बिघडते हे ओळखणं म्हणजे इन्फर्मेशन सिस्टिम्स. नुसतं कोडिंग येणारी मुलं मी खूप पाहिली. त्यांना मालासोबत जाणारं चलन म्हणजे काय विचारलं की गप्प.

आता कामाचं. सिस्टिम अ‍ॅनालिस्ट, डेटाबेस, ईआरपी (खरेदी, साठा, हिशेब सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवणं आणि सांभाळणं, टेस्टिंग, नेटवर्क, सपोर्ट, अशी सगळी कामं आहेत. आपल्याकडचे साखर कारखानेच बघ. ऊसनोंद, तोड, वजनकाटा, बिल, सगळी साखळी एकमेकांत अडकलेली, आणि कायद्याने एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, १४ दिवसांत द्यायची. ती साखळी समजणारा माणूस लागतोच. बीसीएत डीबीएमएस (डेटाबेसचा विषय) आणि अकाउंट्स हे दोन विषय जीव लावून कर. अकाउंट्सला मुलं नाकं मुरडतात, ईआरपीत तोच विषय भाकरी देतो.

एमसीए २०२० पासून दोन वर्षांचं झालंय, ते पुढे करच. २०२४ पासून एआयसीटीईची (केंद्राची तंत्रशिक्षण परिषद) मान्यता असलेल्या बीसीएला राज्याची सीईटी द्यावी लागते, तेव्हा कॉलेजची मान्यता आधी बघ.

एक सांगायचं राहिलं. कोल्हापुरात पगार पुण्यापेक्षा कमी असतात, मीही मध्ये तीन वर्षं पुण्यात काढून आलो. आणि तुला खरोखर अल्गोरिदम, चिप, कंपायलर यांची ओढ असेल तर मात्र इंजिनिअरिंगच कर, त्यासाठी वर्ष गेलं तरी चालेल. नुसतं घरच्यांच्या चारचौघांतल्या मानासाठी वर्ष घालवणार असशील तर घालवू नकोस. मी सोप्यात गप्प बसलो, तू बसू नकोस. वडिलांना शेजारी बसवून हा फौंड्रीचा किस्सा वाचून दाखव.