मुलीला कुठल्या कोट्यातून नोकरी मिळणारे?

नमस्कार भाऊ, लातूरहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बीई कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला, कॉलेजात एका कंपनीनं फक्त मुलींचा ड्राइव्ह, म्हणजे नोकरभरती, घेतला, दुसरीकडं हा कोडिंग राउंडलाच अडकला, म्हणून 'आयटीत आता मुलींचाच जमाना, ह्याला एमपीएससीला बसवू का' असं विचारताय. खरं सांगू, मला त्याची एवढी काळजी नाही वाटली. वाटली ती तुमच्या शेवटच्या ओळीची, 'धाकटी बारावीला आहे, तिचं टेन्शन नाही, कोट्यातून कुठंही लागेल, तिला इथंच जवळच्या कॉलेजात टाकतोय.' अहो टाकताय म्हणजे काय, पोतं आहे का ते? तिला विचारलंत एकदा तरी?

आणि कोटा कुठला हो? कॅप राउंडमध्ये, म्हणजे इंजिनिअरिंगच्या सरकारी प्रवेश फेरीत, मुलींना 30 टक्के जागा असतात, ते ॲडमिशनपुरतं. खासगी कंपनीत नोकरीला कायद्यानं असलं काही नाही. मुलींचा ड्राइव्ह म्हणजे दार वेगळं, आत टेस्ट आणि इंटरव्ह्यू असतोच, कोड तिलाच लिहावा लागतो. आणि असे ड्राइव्ह निघाले कशामुळं, तर गूगलनं 2014 मध्ये आपले आकडे पहिल्यांदा जाहीर केले तेव्हा त्यांच्या टेक्निकल कामात बायका होत्या 17 टक्के. ॲमेझॉननं रेझ्युमे चाळायला सॉफ्टवेअर बनवायला घेतलं, ते शिकलं जुन्या रेझ्युमेंवरून, ते बहुतेक पुरुषांचे, मग कुठं 'विमेन्स' शब्द दिसला की ते मार्कच कमी करायला लागलं, शेवटी गुंडाळलं, 2018 मध्ये ही बातमी बाहेर आली. हा तुमचा मुलींचा जमाना! त्यात 2025 च्या सुरुवातीला गूगलनं डायव्हर्सिटीची, म्हणजे बायका वगैरे कमी असलेल्यांना जास्त घ्यायची, भरतीची टार्गेटंच सोडून दिली, मेटानंही हात आखडता घेतला. धाकटी पास होईपर्यंत काय असेल कुणी सांगावं, तेव्हा तिला कॉलेज चांगलंच लागणार.

मुलाला एमपीएससी रागापोटी नको, त्याला स्वतःला करायचं असेल तरच. नाहीतर सहा महिने कोडिंगची प्रॅक्टिस आणि ऑफ-कॅम्पस अर्ज, बस.

धाकटीचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीची यादी, मात्र तिलाच भरू द्या. तुम्ही ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये बसत असाल आणि उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर कॅपमधून गेलेल्या मुलीची ट्यूशन फी 2024-25 पासून पूर्ण माफ आहे. म्हणजे प्रश्न उरतो पुण्यातल्या हॉस्टेलचा. मुलाच्या वेळी तो कसा सोडवला होतात?