विकणाऱ्यालाच गंडवतात तेव्हा: वाचकांचे प्रश्न

ह्या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये एकच तक्रार फिरून फिरून होती, जुनी पण किमती वस्तू ऑनलाइन विकायला काढली आणि घेणारा म्हणून आला तोच गंडवून गेला. फसू नका असं आपण नेहमी घेणाऱ्याला सांगतो, विकणाऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. म्हणून ह्या वेळची सगळी जागा ह्याच प्रश्नांना. नावं कुणाचीच देत नाही.

प्रश्न (पुण्याहून एक वाचक ताई): मिस्टरांचा कॅमेरा आणि दोन लेन्स 42 हजाराला विकायला टाकल्या. जाहिरात पडल्या पडल्या फोन आला, मी आर्मीत आहे, देवळालीला पोस्टिंग आहे म्हणाला, भाव अजिबात पाडला नाही. युनिफॉर्ममधला फोटो, कॅन्टीन कार्ड, आधार सगळं व्हॉट्सअ‍ॅपला पाठवलं. आर्मीचं पेमेंट वेगळ्या पद्धतीनं होतं म्हणे, म्हणून आधी 5 रुपयाचा क्यूआर पाठवला, तो स्कॅन केल्यावर मला 10 रुपये परत आले. आता 42 हजाराचा क्यूआर आलाय. करू का?

उत्तर: ताई, करू नका, आणि त्याच्याशी बोलणंही इथंच थांबवा.

यूपीआयचा क्यूआर म्हणजे नक्की काय ते एकदा समजलं की हा सगळा खेळ उघडा पडतो. त्या चौकोनात पैसे कुणाला द्यायचे त्याचा यूपीआय आयडी भरलेला असतो, सोबत रक्कम आणि एक छोटी टीपसुद्धा आधीच भरून ठेवता येते. म्हणजे त्यानं पाठवलेला क्यूआर तुम्ही स्कॅन केला की पैसे तुमच्याकडून त्याच्याकडं जाणार, उलटं होतच नाही. टीपेच्या जागी तो 'रिसिव्ह 42000' असं लिहून ठेवतो, स्क्रीनवर ते वाचून माणसाला वाटतं पैसे येतायत, आणि खाली बटण मात्र पे चं असतं. तुमचे 5 रुपये असेच गेले, आणि मागून जे 10 आले ते त्यानं स्वतःच्या हातानं वेगळे पाठवले, तुमचा विश्वास बसावा म्हणून. 42 हजाराला तो परत काहीच पाठवणार नाही, उलट नेटवर्क गेलं, पुन्हा करा, असं म्हणत दोन-तीनदा स्कॅन करायला लावेल. आणि पिनचं एवढं पक्कं डोक्यात ठेवा, यूपीआय पिन पैसे पाठवायला लागतो किंवा बॅलन्स बघायला लागतो, पैसे घ्यायला कधीच लागत नाही, मग समोरचा कोणी का असेना.

पूर्वी हीच फसवणूक कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे 'एवढे पैसे द्या' अशी यूपीआयवरची मागणी, पाठवून व्हायची. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं 1 ऑक्टोबर 2025 पासून माणसा-माणसातल्या कलेक्ट रिक्वेस्ट बंदच केल्या, चांगलं झालं, पण क्यूआर राहिला आणि स्क्रीन शेअर करणारी अ‍ॅपही राहिली. 'पेमेंट अडकलंय, हे अ‍ॅप टाका, मी सांगतो कुठं दाबायचं' असं कोणी म्हणालं की फोन ठेवून द्या.

त्या आर्मीवाल्या कागदांबद्दल मला मनापासून राग येतो. आपल्याकडं घरटी नाही तरी गल्लीटी एखादा फौजी असतो, सातारा-सांगलीकडं तर विचारूच नका, त्यामुळं फौजी म्हटलं की माणूस शंका घ्यायला लाजतो आणि हे लोक नेमकी तीच लाज वापरतात. ते कार्ड बहुतेक वेळा कुठल्यातरी खऱ्या जवानाचंच असतं, त्याच्याकडून कधीतरी असंच काढून घेतलेलं. खऱ्या फौजीचं बँक खातं तुमच्या-माझ्यासारखंच असतं, पेमेंटची वेगळी पद्धत वगैरे काही नसते. आणि ह्यामागं एकटा-दुकटा चोर असतो असंही नाही, एप्रिल 2023 मध्ये हरियाणा पोलिसांनी नूह जिल्ह्यात 14 गावांवर एकाच वेळी छापे घातले तेव्हा 5000 पोलीस न्यावे लागले होते, एवढा हा पसारा.

कॅमेरा विकायचाच असेल तर माणूस समोर येऊ दे. शक्यतो एखाद्या कॅमेऱ्याच्या दुकानात किंवा गजबजलेल्या कॅफेत भेटा, घरी बोलवू नका, बॉडीचा आणि लेन्सचा सिरियल नंबर लिहून ठेवा, मेमरी कार्ड काढून घ्या. आणि पैसे घ्यायचे तर तुमचा क्यूआर तुम्ही दाखवायचा, त्याचा बघायचाच नाही.

प्रश्न (कोल्हापूर): मी आयफोन विकला, 58 हजार यूपीआयनं आले, बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघून घेतले, मगच फोन दिला. आता काही आठवड्यांनी बँक म्हणते खातं होल्डला आहे, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांची तक्रार आहे. पगार त्याच खात्यात येतो. मी काय गुन्हा केला?

उत्तर: दादा, तुम्ही काही गुन्हा केला नाही, पण तुमच्या खात्यात आलेले पैसे चोरीचे असण्याची दाट शक्यता आहे. हा प्रकार लोकांना कमी माहितीय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समजा तिसऱ्याच गावात कुणाला तरी ह्या टोळीनं फसवलं. पैसे स्वतःच्या खात्यात घेतले तर पकडले जातील, म्हणून ते त्या माणसाला थेट तुमचा यूपीआय आयडी देतात, किंवा मधल्या एक-दोन भाड्याच्या खात्यांतून पैसे फिरवून तुमच्याकडं आणतात. तुम्हाला पैसे मिळतात, त्यांना फोन मिळतो, फोन बाजारात विकला की रोकड मोकळी. मग तो फसलेला माणूस 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, तक्रार करतो आणि पैसे ज्या ज्या खात्यातून गेले त्या सगळ्या खात्यांवर बँका होल्ड लावत जातात, त्या साखळीत शेवटचं खातं तुमचं.

आता आधी बँकेत जाऊन लेखी मागा: तक्रारीचा क्रमांक, कुठलं पोलीस ठाणं, तपास अधिकाऱ्याचा मेल आणि नक्की किती रकमेवर होल्ड आहे. तोंडी 'सायबरचं आहे, आमच्या हातात नाही' एवढ्यावर परत येऊ नका. मग त्या अधिकाऱ्याला मेल करा, सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, फोन घेणाऱ्याशी झालेलं सगळं चॅट, फोनचं मूळ बिल, आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक), फोन देतानाचा फोटो असेल तर तो, आणि बँकेचं स्टेटमेंट. वस्तू विकून पैसे आले हे कागदावर दिसलं पाहिजे. त्याच मेलमध्ये अशी विनंती करा की होल्ड फक्त वादातल्या 58 हजारावर ठेवा, बाकी खातं मोकळं करा. ही मागणी वावगी नाही, संशयाच्या रकमेपुरतंच खातं अडवावं असं केरळ हायकोर्टानं 2023 मध्ये अशाच खातेदारांच्या प्रकरणात म्हटलंय. दाद लागली नाही तर वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करता येतो. पगारासाठी कंपनीला दुसऱ्या बँकेतलं खातं तूर्त देऊन टाका, हे लवकर सुटेलच असं नाही.

ज्यांनी अजून विकलं नाही त्यांच्यासाठी: समोर उभा असलेल्या माणसाचं नाव आणि पैसे ज्याच्या खात्यातून आले त्याचं नाव एकच आहे का बघा. 'भाऊ पाठवतोय', 'मित्राच्या खात्यातून येतील' म्हणाला तर सौदा थांबवा, आणि तोवर वेगळ्याच नावानं पैसे येऊनही गेले असतील तरी वस्तू देऊ नका आणि त्यानं सांगितलेल्या तिसऱ्या नंबरवर ते परतही करू नका, बँकेला कळवा. सौदा झाला तर साध्या कागदावर पावती करा, वस्तू, नंबर, रक्कम, दोघांच्या सह्या, त्याच्या ओळखपत्राची मूळ प्रत बघून फोटो. खरा गिऱ्हाईक ह्याला नाही म्हणत नाही, त्यालाही चोरीचा फोन गळ्यात पडायची भीती असतेच. फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल केलं की आयएमईआय दिसतो, तो फोन हातातून जाण्याआधी लिहून ठेवा.

प्रश्न (नागपूर, कॉलेजची विद्यार्थिनी): लॅपटॉप घ्यायला आलेल्या मुलानं पेमेंट सक्सेसफुल दाखवलं, आवाजही आला, मला बँकेचा मेसेजही आला. तो गेल्यावर बघते तर खात्यात काही नाही.

उत्तर: बाळा, तो स्क्रीनही खोटा आणि मेसेजही. हुबेहूब दिसणारी नकली पेमेंट अ‍ॅप असतात, नाव आणि रक्कम टाकली की हिरवी टिक येते. तो मेसेज पुन्हा उघडून कुठून आलाय बघ, बँकेचा मेसेज अक्षरी हेडरवरून येतो, दहा आकडी मोबाईल नंबरवरून नाही. त्याच्या स्क्रीनवर काय दिसतं ते सोडून दे, तुझ्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये बॅलन्स वाढला का तेवढंच खरं. आज लगेच 1930 ला फोन कर, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दे, लॅपटॉपचा सिरियल नंबर बॉक्सवर असेल तो दे आणि आजूबाजूच्या दुकानांचं सीसीटीव्ही फुटेज पोलिसांना लवकर मागवायला सांग, ते पुसलं जातं.

प्रश्न (नाशिक): बुलेट विकायचीय, 1 लाख 20 हजारात ठरलंय. घेणारा म्हणतो पैसे रोख घ्या, फॉर्मवर सह्या करून द्या, नावावर मी सावकाश करून घेतो. काही धोका?

उत्तर: पैसे मिळाले तरी धोका आहे, माझ्या मते इथं सगळ्यात मोठा. आरसीवर नाव आहे तोवर कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये हे अगदी स्पष्ट केलंय, गाडी विकली होती, हातोहात पुढं गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरटीओच्या नोंदीत नाव असलेल्या माणसावर आली. दंडाची ई-चलनंही तुमच्याच मोबाईलवर येत राहतील, आणि त्या गाडीवरून कोणी सोनसाखळी ओढली तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील.

म्हणून कोरे सही केलेले फॉर्म 29 आणि 30 हातात द्यायचे नाहीत, घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरूनच द्यायचे. विकल्याची खबर 14 दिवसांत आरटीओला देणं ही विकणाऱ्याचीही जबाबदारी आहे, ती त्याच्यावर सोडू नका. डिलिव्हरी लेटर करा आणि त्यात तारखेबरोबर वेळही लिहा, चार वाजून दहा मिनिटांनी गाडी दिली असं, कारण साडेचारच्या अपघातात गाडी तुमच्या हातात नव्हती हे दाखवायला दुसरं काही नसतं. शक्य असेल तर थोडी रक्कम खात्यावर घ्या म्हणजे व्यवहाराचा माग राहतो. आणि ट्रायलला गाडी देताना मागं बसून जा. तो स्वतःची जुनी गाडी किंवा फोन ठेवून जातो म्हणाला तरी हो म्हणू नका, ती गाडीही चोरीची निघू शकते.

प्रश्न (डोंबिवलीच्या एक आजी): माझ्याकडं ट्रॅक्टरचं चित्र असलेली 5 रुपयाची नोट आहे. व्हिडिओ बघून नंबर लावला तर 3 लाख देतो म्हणाले, रिझर्व्ह बँकेचं पत्रही पाठवलं, फक्त आधी 2,500 रुपये रजिस्ट्रेशन आणि नंतर जीएसटी भरायचा. नातू नको म्हणतो.

उत्तर: आजी, नातवाचं ऐका. ती नोट आपल्यातल्या कित्येकांच्या कपाटात पडलीय, त्या नोटेचे 3 लाख कोणी देत नाही. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही, त्यासाठी ती कसलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि कुणाला घ्यायचा अधिकारही दिलेला नाही. म्हणजे ते पत्र बनावट. 2,500 भरले की 8,000 मागतील, ते भरले की आणखी काही, लोकांनी असे लाख-लाख घातलेत. घेणारा खरा असेल तर पैसे तो तुम्हाला देईल, तुमच्याकडून मागणार नाही. तुमच्याकडं खरोखर जुनी चांदीची नाणी वगैरे असतील तर नातवाला घेऊन नाणी जमवणाऱ्यांच्या प्रदर्शनात दाखवा, दोन-तीन जणांकडून भाव घ्या. आणि त्या लोकांना आधारचा किंवा पासबुकाचा फोटो पाठवला असेल तर उद्याच बँकेत जाऊन तसं सांगून ठेवा, त्या नंबरची तक्रारही नातवाकडून 1930 वर करून घ्या.