आधी निदान, मग पथ्य : पोट आणि त्वचेबद्दल वाचकांचे प्रश्न

आतडी आणि त्वचा यांच्या नात्याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. बहुतेकांनी डॉक्टरांकडे जाण्याआधीच खाण्यातलं काही ना काही बंद केलेलं आहे. नातं खरं आहे, पण प्रत्येक त्वचारोगात ते वेगळं आहे. एका रोगात गहू सोडणं हाच मुख्य इलाज असतो, तर दुसऱ्यात त्याचा काडीचाही उपयोग नसतो.

प्रश्न : दोन्ही कोपरं, गुडघे आणि बसायच्या जागी बारीक फोड येतात, खाजेने रात्रभर झोप लागत नाही. बुरशीवरची मलमं झाली, स्टिरॉइडची झाली. पोटाची कसलीच तक्रार नाही. महिन्यापूर्वी गहू बंद केला, तेव्हापासून थोडा उतार आहे. आता डॉक्टर रक्ततपासणी आणि बायोप्सी सांगतात. बरं वाटत असताना ती कशाला?

तपासणी करून घ्याच. खरं तर ती गहू बंद करण्याआधी व्हायला हवी होती. दोन्ही बाजूंना सारखे, नेमके याच जागी येणारे आणि खाजवून लगेच फुटणारे फोड हे डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिसचं वर्णन आहे. सीलिॲक आजाराचंच, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याचं अस्तर बिघडवणाऱ्या आजाराचं, हे त्वचेवरचं रूप. ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे आतड्यात प्रतिपिंडांची जी साखळी सुरू होते, तिच्यातली काही प्रतिपिंडं ट्रान्सग्लुटामिनेज-3 या एन्झाइमविरुद्ध असतात. ती त्वचेत साठतात आणि तिथे दाह पेटतो. पोट दुखत नाही म्हणून आतडं ठणठणीत आहे असं धरून चालू नका. अशा बऱ्याच रुग्णांना पोटाची तक्रार नसते, तरी आतड्याच्या बायोप्सीत बिघाड दिसतो.

रक्तात ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धची आयजीए या प्रकारची प्रतिपिंडं तपासतात. सोबत एकूण आयजीएही मागावं, कारण ज्यांच्या शरीरात मुळात आयजीएच कमी असतं त्यांचा अहवाल खोटा 'निगेटिव्ह' येतो. गहू सोडल्यावर ही पातळी घसरू लागते, ही तुमच्या बाबतीतली मुख्य अडचण. त्वचेत साठलेलं आयजीए मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतं, त्यामुळे बायोप्सीतून अजूनही उत्तर मिळण्याची चांगली शक्यता आहे.

ती बायोप्सी कुठून घेतात याला फार महत्त्व आहे. इम्युनोफ्लोरोसन्ससाठीचा, म्हणजे साठलेलं आयजीए चमकणाऱ्या रंगाने शोधण्यासाठीचा, तुकडा फोडाचा नको, फोडालगतच्या दिसायला निरोगी त्वचेचा हवा. फोडातल्या दाहात आयजीए नष्ट होतं आणि अहवाल कोरा येतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे हा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकणं. फॉर्मलिनमध्ये ही तपासणी बिघडते; त्यासाठी मिशेल नावाचं वेगळं द्रावण लागतं. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी फोडाचा दुसरा तुकडा फॉर्मलिनमध्ये जातो. म्हणजे तुकडे दोन आणि बाटल्याही दोन. प्रक्रियेच्या आधी हे विचारून घ्यायला संकोच करू नका.

तरीही चित्र स्पष्ट झालं नाही, तर डॉक्टर काही आठवडे पुन्हा गहू खायला लावून रक्त तपासतात. रोज किमान 3 ग्रॅम ग्लुटेन पोटात जावं लागतं. गव्हाच्या पावाच्या दोन कापांत साधारण तेवढं मिळतं. पुन्हा खाज सुटेल या भीतीने हे नको असेल, तर एचएलए डीक्यू2 आणि डीक्यू8 ही जनुकीय तपासणी आहे. तिच्यावर आहाराचा परिणाम होत नाही. दोन्ही नसतील तर हा आजार जवळजवळ निकालात निघतो; असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण निरोगी माणसांतही ती सर्रास आढळतात.

निदान पक्कं झालं तर खाजेवर डॅप्सोन हे औषध दोन-तीन दिवसांत गुण देतं, कधी त्याहूनही लवकर. ते सुरू करण्याआधी जी6पीडी हे तांबड्या पेशींतलं एन्झाइम तपासायलाच हवं, नाहीतर तांबड्या पेशी झपाट्याने फुटू शकतात. डॅप्सोन आतडं मात्र बरं करत नाही. ते काम ग्लुटेनमुक्त आहाराचं, आणि त्वचेवर त्याचा पूर्ण परिणाम दिसायला सहा महिन्यांपासून दोन वर्षं लागतात. गहू, सातू (जव), राय हे धान्य आणि माल्ट असलेलं सगळं बंद. पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' असेल तर आंतरराष्ट्रीय मानकानुसार मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे. हे पथ्य जन्मभराचं आहे, म्हणूनच ते अंदाजावर सुरू करू नये.

प्रश्न : सोरायसिससाठी आयएल-17 रोखणारं इंजेक्शन चालू आहे. कातडी स्वच्छ झाली, पण दीड महिन्यापासून जुलाब आहेत, कधी रात्रीही उठावं लागतं. गहू-दूध बंद करून पाहू का?

नको. आधी ज्यांनी इंजेक्शन दिलं त्यांना कळवा, तेही पुढच्या डोसाच्या आत. सोरायसिस आणि आतड्याचा क्रोन्स आजार यांची काही जनुकं सामाईक आहेत, दोन्हींत आयएल-23 आणि आयएल-17 या दाहाचे संदेश नेणाऱ्या रेणूंचा मार्ग पेटलेला असतो. असं असूनही आयएल-17 अडवलं की त्वचा सुधारते आणि आतडं कधीकधी बिघडतं, कारण आतड्याचं अस्तर शाबूत ठेवायला हेच रेणू लागतात. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेक्युकिनुमॅब या आयएल-17 रोखणाऱ्या औषधाने क्रोन्सच्या रुग्णांना फायदा झाला नाहीच, उलट काहींचा त्रास वाढला. हे इंजेक्शन घेणाऱ्यांत असा त्रास विरळा असतो, पण रात्री झोपेतून उठवणारे जुलाब 'पोट जरा बिघडलंय' म्हणून सोडून द्यायचे नसतात.

प्रथम जंतुसंसर्ग नाही ना ते पाहतात, मग शौचातलं कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याला सूज असली की वाढणारं प्रथिन. ग्रॅममागे 50 मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर आतड्याला सूज असण्याची शक्यता कमी. 250 च्या वर असेल तर बहुधा दुर्बीण घालून तपासावं लागतं. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी हा आकडा फुगतो, तेव्हा गेल्या काही दिवसांत घेतलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगा. शौचात रक्त, उतरतं वजन, ताप किंवा हिमोग्लोबिन घसरणं यांपैकी काही असेल तर थांबू नका. क्रोन्स निघालाच तरी त्वचेसाठीचे पर्याय संपत नाहीत. आयएल-23 रोखणारी रिसँकिझुमॅब, गुसेलकुमॅब ही औषधं दोन्ही आजारांत वापरतात.

सोरायसिसमध्ये ग्लुटेन सोडण्याचा सल्ला फक्त सीलिॲकची तपासणी पॉझिटिव्ह असणाऱ्यांनाच आहे. वजन जास्त असेल तर ते घटवण्याचा फायदा त्याहून कितीतरी अधिक खात्रीचा.

प्रश्न : आमच्या अकरा महिन्यांच्या मुलाला इसब आहे. रक्ताच्या आयजीजी तपासणीत दूध, अंडं आणि आणखी चौदा पदार्थ 'पॉझिटिव्ह' आले. तीन महिने सगळं बंद आहे, फरक नाही. प्रोबायोटिक द्यावं का?

तो आयजीजीचा अहवाल बाजूला ठेवा. मूल जे खातं त्याच्याविरुद्ध आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं तयार होणं ही स्वाभाविक गोष्ट आहे; तो ॲलर्जीचा पुरावा नव्हे. अशा यादीवरून बाळाचं खाणं तोडणं आम्हाला सरळ धोक्याचं वाटतं, आणि तो धोका कुपोषणापुरता नाही. इसब असलेल्या बाळाची त्वचा फुटलेली असते. घरातल्या धुळीतले अन्नाचे कण त्या वाटेने शिरले तर ॲलर्जी जडते, तेच अन्न तोंडावाटे गेलं तर शरीर ते सोसायला शिकतं. 2015 च्या एका प्रसिद्ध चाचणीत तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना शेंगदाण्याचे पदार्थ लवकर आणि नियमित दिले, तेव्हा पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळली.

पण आता घाईने दूध-अंडं घरीच सुरू करू नका. आधी पचत असलेला पदार्थ दीर्घकाळ बंद ठेवला की पुन्हा देताना कधीकधी अंगावर गांधी उठणं, उलटी, धाप असा तडकाफडकी त्रास होतो. डॉक्टरांशी बोला, गरज वाटली तर ॲलर्जीशी निगडित आयजीई प्रतिपिंडांची किंवा त्वचेवरची टोचणी तपासणी होईल आणि पहिला घास त्यांच्या देखरेखीत दिला जाईल.

प्रोबायोटिकबद्दल थोडक्यात : असलेलं इसब त्याने बरं होत नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात लक्षणांमध्ये नगण्य फरक निघाला. मूल मुदतपूर्व जन्मलेलं असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर ते आपल्या मनाने मुळीच देऊ नये.

फरक न पडण्याचं खरं कारण बहुतेकदा मलमाच्या मापात सापडतं. त्वचा मऊ ठेवणारं मलम आठवड्याला निदान 250 ग्रॅम संपायला हवं. छोटी ट्यूब महिनाभर पुरत असेल तर ते लागतच नाही. स्टिरॉइडचं मलम मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराइतकं, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, मोठ्यांच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या भागाला लावतात. भीतीपोटी पुसट लावलेलं मलम दाह विझवत नाही, आणि मग दोष दुधाला जातो.

प्रश्न : पोट साफ होत नाही म्हणून चेहऱ्यावर मुरमं येतात, हे खरं का? रेचक घेऊ का?

रेचकाने मुरमं जात नाहीत. आहाराचा संबंध आहे, पण तो बद्धकोष्ठाचा नसून इन्शुलिनचा. झटकन साखर वाढवणाऱ्या खाण्याने इन्शुलिन आणि त्याच्यासारखं आयजीएफ-1 हे संप्रेरक चढतात, तैलग्रंथी जास्त पाझरतात. ऑस्ट्रेलियातल्या 2007 च्या चाचणीत बारा आठवडे असं खाणं कमी केल्यावर मुरमं घटली. व्यायामासाठी व्हे प्रोटीनची पावडर घेत असाल तर पहिला संशय तिच्यावर घ्या. ती बंद करून बारा आठवडे थांबा, त्याआधी निकाल लावू नका. आज दिसणारं मुरूम काही आठवड्यांपूर्वीच आत तयार व्हायला लागलेलं असतं. दर पंधरा दिवसांनी एकाच खिडकीशी, एकाच वेळी फोटो काढा, नुसत्या आरशावर विसंबू नका. बद्धकोष्ठासाठी तंतुमय पदार्थ वाढवायचे तर आठवड्याला 5 ग्रॅमच्या बेताने वाढवा आणि पाणीही तितकंच वाढवा, नाहीतर पोट फुगेल.