मुलगी दोन वर्षांची होण्याआधी घरी या

प्रश्न: मी नर्स आहे. युगांडात एका स्वयंसेवी संस्थेच्या नेमणुकीवर आहे. नवरा आणि मुलगी सोबत आहेत. नवरा सध्या मुलीला सांभाळतो. माझा करार ३१ मार्चला संपतो आणि पुढची नेमणूक मलावीत जुलैच्या मध्यापासून आहे. त्या प्रवासाचा तिघांचा खर्च नवी संस्था देणार आहे. आता दोन वाटा आहेत. एप्रिलच्या सुरुवातीला ठाण्याला येऊन साडेतीन महिने राहायचं, किंवा इथेच मेअखेरपर्यंत मुदतवाढ घेऊन जूनमध्ये सहा आठवड्यांसाठी यायचं. मुलगी २० मे रोजी दोन वर्षांची होईल. भत्ता महिना ८२ हजार, इथला खर्च ६६ हजार. परतीचं फक्त माझं तिकीट संस्था देते. नवऱ्याचं ५२ हजार पडेल. करार संपल्यावर एकरकमी २ लाख ४० हजार मिळतील, परदेशातल्या कमाईची एनआरई ठेव साडेपाच लाखांची आहे. घोडबंदर रोडचा आमचा फ्लॅट २८ हजारांनी भाड्याने दिलाय. भाडं जुन्या बचत खात्यात येतं, गृहकर्जाचा हप्ता १७,५०० आणि मेंटेनन्स ४,२०० त्यातून जातो. आई-बाबा नौपाड्यात, सासर वाशीला. लवकर आलो तर १ लाख ६४ हजारांचं नुकसान होईल असं वाटतं. शिवाय भाडेकरूला काढून आपल्याच घरात राहावं का, आणि आई म्हणते तसं मुलीचं सुकन्या समृद्धी खातं उघडावं का? तिकडचा फॅमिली मेडिक्लेम २०२१ पासून चालू आहे, मार्चमध्ये नूतनीकरण आहे.

उत्तर: एप्रिलमध्ये या. आता हिशेब बघू, कारण १ लाख ६४ हजार हा आकडा बरोबर नाही आणि त्याच्या भीतीने तुम्ही चुकीचा निर्णय घ्याल.

दोन महिन्यांच्या भत्त्याची बेरीज म्हणजे तुमचं नुकसान नव्हे. त्यातले १ लाख ३२ हजार तिथेच खर्च होणार आहेत, म्हणजे हातात राहणार ३२ हजार. लवकर आलात तर ते मिळणार नाहीत आणि ठाण्यात दोन महिने घर चालवावं लागेल. आई-वडिलांकडे राहून तिघांचा खर्च मी महिना ३५ हजार धरते, म्हणजे ७० हजार. दोन्ही मिळून १ लाख २ हजार. आता तिकिटाकडे बघा. दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर बसवून नेता येतं आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचं भाडं मोठ्या माणसाच्या साधारण दहा टक्के असतं. दोन वर्षं पूर्ण झाली की स्वतंत्र सीट लागते आणि भाडं सामान्यतः पाऊणपट होतं. विमान कंपनी बुकिंगच्या नव्हे, प्रवासाच्या दिवशीचं वय बघते. एप्रिलमध्ये मुलीचे सुमारे ५,२०० लागतील, जूनमध्ये ३९ हजार. इथे ३४ हजार वाचले. म्हणजे आठ आठवडे आधी येण्याची खरी किंमत आहे ६८ हजार.

६८ हजार ही लहान रक्कम नाही, पण तुम्हाला ती परवडते. साडेतीन महिन्यांचा घरखर्च सुमारे १ लाख २३ हजार, नवऱ्याचं आणि मुलीचं तिकीट ५७ हजार, एकूण १ लाख ८० हजार. एकरकमी मिळणाऱ्या पैशांत हे सगळं बसतं आणि साठ हजार उरतात. ते मलावीत पहिला भत्ता हातात पडेपर्यंत लागतील, त्यांना हात लावू नका. एनआरई ठेवीलाही नको. वर्ष भरायच्या आत मोडलेल्या एनआरई ठेवीवर व्याजच मिळत नाही.

त्या ६८ हजारांत काय मिळतं, हेही सल्लागार म्हणून माझ्या हिशेबात येतं. जूनच्या सहा आठवड्यांत प्रवासाचा शीण, पाऊस, सर्दी-ताप आणि सामानाची बांधाबांध यांतच निम्मा वेळ जातो. पावणेदोन वर्षांच्या मुलीला माणसांची सवय व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात. साडेतीन महिन्यांत ती आजी-आजोबांना ओळखेल, त्यांच्याशी बोलायला लागेल. पुढची सुट्टी कधी मिळेल हे तुमच्या हातात नाही, आणि दोन्ही घरची माणसं आता थकत चालली आहेत. पैसे नसते तर मी वेगळं सांगितलं असतं. पण पैसे आहेत.

भाडेकरूला मात्र काढू नका. साडेतीन महिन्यांचं भाडं ९८ हजार बुडेल, हप्ता आणि मेंटेनन्स खिशातून जाईल. तुम्ही गेल्यावर नवा भाडेकरू मिळेपर्यंत महिनाभर घर रिकामं राहणं नेहमीचंच, वर ब्रोकरेज एक महिन्याचं. सगळं धरून दीड लाखाच्या वर जातं. करार वेळेवर भाडं देणाऱ्या माणसाशी असेल तर तो मोडण्याइतकं कारण यात नाही. नौपाड्याचं घर लहान पडेल, हे खरं आहे. म्हणून महिनाभर नौपाडा, मग महिनाभर वाशी असं वाटून घ्या. ट्रान्सहार्बर लोकलने जाणं-येणं सोपं आहे आणि दोन्ही आज्यांना नात मिळते. आईच्या हातात महिन्याचे पैसे ठेवायला गेलात तर ती घेणार नाही. महावितरणचं बिल, गॅस, दूध, किराणा हे न विचारता भरत जा. एप्रिल-मेमध्ये बाळासाठी एसी चालणार, ते बिल त्यांच्यावर पडता कामा नये.

आता ज्या गोष्टीची मला जास्त काळजी वाटते ती. संस्थेचं वैद्यकीय संरक्षण करारासोबत संपतं, म्हणजे एप्रिल ते जुलै तुम्ही तिघं उघड्यावर. तुमचा इथला फॅमिली मेडिक्लेम २०२१ पासून चालू आहे आणि मार्चमध्ये नूतनीकरण आहे, असं पत्राच्या शेवटी लिहिलंय. 'परदेशात आहोत तर कशाला भरायचा' हा विचार सोडा. काही आजारांचा दावा ठरावीक वर्षं थांबल्यावरच मिळतो, आणि खंड पडला तर आजवर मोजली गेलेली ही प्रतीक्षेची वर्षं वाया जातात. याच नूतनीकरणात मुलीचं नाव घाला. नव्याने जोडलेल्या व्यक्तीला अपघात सोडून इतर आजारांसाठी पहिले ३० दिवस दावा मिळत नाही, आणि मार्चमध्ये घातलंत तर ते दिवस बरेचसे तिथेच सरतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा हप्ता हलका झालाय. मुलीची पिवळ्या तापाची लस झाली नसेल तर तीही आत्ताच घ्या. युगांडातून येणाऱ्या प्रवाशाकडे प्रमाणपत्र लागतं, ते लसीनंतर दहा दिवसांनी लागू होतं, आणि ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

कराचं थोडक्यात. भेटीला आलेल्या भारतीय नागरिकाचं इथलं उत्पन्न १५ लाखांच्या आत असेल तर आर्थिक वर्षात १८२ दिवस भरेपर्यंत तो करासाठी अनिवासीच (एनआरआय) राहतो. ५ एप्रिलला उतरलात तर ३ ऑक्टोबरला १८२ दिवस होतात. मलावीची नेमणूक लांबली तर ही तारीख लक्षात ठेवा. नेमणुकीचं पत्र जपून ठेवा, म्हणजे हा मुक्काम भेटीचाच आहे हे बँकेलाही दाखवता येईल. नेमणूक रद्दच झाली, तरी तुमची ठेव ठाण्यातला पंधरा महिन्यांचा खर्च भागवते.

भाडं मात्र अजून जुन्या साध्या बचत खात्यात जमा होतंय. तिथे दोन चुका आहेत. ते खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यायला हवं होतं. आणि मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) काढून भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच कर, कापायचा असतो, भाडं कितीही असो. तुमच्या भाड्यावर महिन्याला ८,७३६ रुपये होतात. त्याला हे ठाऊक नसणार, कारण तुम्ही अनिवासी आहात हेच त्याला सांगितलेलं दिसत नाही. त्याच्यावर नोटीस येण्याआधी मोकळेपणाने बोला. प्रत्यक्षात तुमचं करपात्र भाडं तीस टक्के वजावटीनंतर सुमारे २ लाख ३५ हजार, कर्जाचं व्याज वजा जाता आणखी कमी. नव्या करप्रणालीतल्या ४ लाखांच्या मर्यादेत ते आरामात बसतं. त्यामुळे प्राप्तिकर खात्याकडून कमी दराने कपातीचा दाखला मागता येतो. कापला गेलेला कर विवरणपत्र भरून परत मिळतो, आणि ३१ जुलैच्या मुदतीआधी तुम्ही ठाण्यातच असाल. १२ लाखांपर्यंत कर नाही असं जे ऐकता, ती सवलत फक्त निवासी लोकांना आहे. तिच्या भरवशावर राहू नका.

सुकन्या खातं अनिवासी मुलीच्या नावाने उघडता येत नाही. आईंना नातीसाठी ठेवायचंच असेल तर त्यांनी स्वतःच्या नावावर ठेव करून नॉमिनी म्हणून तिचं नाव लावावं. ज्येष्ठ नागरिकांचा वाढीव व्याजदरही त्यांना मिळेल.

मार्चच्या नूतनीकरणाची नेमकी तारीख आजच काढा आणि मुलीच्या जन्मदाखल्याची व पासपोर्टची प्रत विमा कंपनीला त्याआधी पाठवा. तिकिटं त्यानंतर काढलीत तरी चालेल.