नऊ एकांच्या वर्गातली हर्षद संख्या

प्रश्न : १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. ही हर्षद संख्या आहे, म्हणजे तिच्या अंकांच्या बेरजेने तिला पूर्ण भाग जातो, असं वाचलं. पण एक्सेलमध्ये ती लिहिली की शेवटचे २१ जाऊन ०० येतात. मग खात्री कशी करायची? आणि १२१, १२३२१ अशा या मालिकेतल्या सगळ्याच संख्या हर्षद असतात का?
– इयत्ता नववीतली विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : एक्सेल पहिले १५ अंकच जपतं आणि तुझी संख्या १७ अंकी आहे, म्हणून ती शून्यं. पण इथे यंत्राची गरजच नाही, आणि मला या संख्येचं तेच फार आवडतं.

अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ चा वर्ग. आपली संख्याही वर्गच आहे. तेव्हा मूळ १११११११११ ला ९ ने भाग गेला की काम झालं. तिथे नऊ एक, बेरीज ९, भाग जाणारच. भागाकार १२३४५६७९ (त्यात ८ नाही, बघ!). म्हणून तुझी संख्या = ८१ × १२३४५६७९ × १२३४५६७९. पुढे १२३४५६७९ = ३७ × ३३३६६७, आणि हे दोन्ही मूळ अवयव. म्हणजे तुझ्या संख्येत ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी या मालिकेला डेम्लो संख्या म्हटलं. त्या वेळच्या जीआयपी रेल्वेवरच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली. हर्षद हे नावही त्यांचंच. त्यांचं नाव ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’पुरतंच घेतलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

आता तुझा दुसरा प्रश्न, जो मला पहिल्याहून मोलाचा वाटतो. ‘न’ एकांच्या वर्गात अंकांची बेरीज न × न असते (नऊ एकांपर्यंत). म्हणजे अट एवढीच, की ‘न’ एकांच्या संख्येला ‘न’ ने भाग जायला हवा. २, ४, ६, ८ बाद, कारण शेवटी १ आहे, संख्या विषम. ५ ही त्याच कारणाने बाद. ७ ने ११११११ ला भाग जातो, पण १११११११ ला भागलं तर बाकी १ उरते. उरले १, ३ आणि ९. तेव्हा पहिल्या नऊ डेम्लो संख्यांत हर्षद तीनच : १, १२३२१ आणि तुझी.

दहा एक घेतलेस की मधे हातचे येतात आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ होतो. बेरीज १०० न राहता ८२ होते, त्यामुळे वरची अट तिथे लावू नकोस. पण २७ एक लिहून २७ ने भाग देऊन बघ, पूर्ण जातो. नऊ-नऊ एकांचे तीन गट पाड, कारण तुझं तुलाच सापडेल. सापडलं की मला लिही.